मेंदूचें चिरजतन आणि त्याची शास्त्रीय परीक्षा

पनवेल, उरण, पेण हा खाडीकांठचा प्रांत जुन्या कागदांस मानवणारा नाहीं. चार महिने पाऊस, आठ महिने खारी हवा, आणि बारा महिने कसर व वाळवी. यांतून ज्या पोथ्या वांचल्या त्या बस्त्यांत घातलेल्या वेखंडामुळें, निंबाच्या पाल्यामुळें आणि दरवर्षीं न चुकतां ऊन दाखविणाऱ्या हातांमुळें वांचल्या. अशा संग्रहांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस एक गोष्ट पक्की ठाऊक असते. एखाद्या पोथीचा कागद शाबूत, कांठ सरळ, पण शाई उडून गेलेली असते. दुसरीचें पान कसरीनें चाळणी झालेलें, तरी अक्षर न् अक्षर लागतें. नुसता पाहणारा पहिलीस टिकलेली म्हणेल. संशोधक दुसरीस टिकलेली म्हणेल, व त्याचेंच म्हणणें खरें आहे.

हा भेद मनांत ठेवून आम्ही प्रस्तुत लेखांत एका निराळ्याच वस्तूच्या जतनाचा विचार करणार आहों. ती वस्तु म्हणजे मेंदू. मृताचा मेंदू शतकानुशतकें जशाचा तसा राखतां येतो, असा पक्ष गेल्या कांहीं वर्षांत पाश्चात्य शास्त्रज्ञांपैकीं कांहींनीं मांडला असून, त्याच्या परीक्षेसाठीं बक्षिसें लाविलीं गेलीं व २०१६ आणि २०१८ या सालीं तीं दिलींही गेलीं. इतिहास संशोधकांचा या गोष्टीशीं काय संबंध, असा प्रश्न कोणी करील. आमचें उत्तर असें कीं, परीक्षा ही आमचीच विद्या आहे. एखादा कागद अस्सल म्हणून पुढें आला म्हणजे तो कोणाच्या हातून आला, कोणीं पाहिला, कशानें पाहिला व काय पाहावयाचें सोडून दिलें हें आम्ही विचारतों. मेंदूच्या जतनासही हेच प्रश्न विचारावयाचे आहेत.

या किनाऱ्यावरील लोकांस जतनाचें सामान्य ज्ञान फार जुनें आहे. पनवेल-उरणच्या खाड्यांभोवतीं मिठागरें होतीं, आणि मासळी खारवून वाळविण्याची रीत कोळीवाड्यांतून पिढ्यानपिढ्या चालत आली. मासा खारवावयाचा तर आंतडीं व कल्ले आधीं काढून टाकतात, कारण नासण्यास आरंभ तेथून होतो. माणसाच्या शरीराचेंही तसेंच आहे. पोटांतील अवयव व मेंदू हे लौकर जातात. हाडें, केस व वाळलेली कातडी मागें राहते. मिसर देशांतील शव टिकविणारे कारागीर हेंच जाणत होते. ते नाकावाटें लोखंडी आंकडा घालून मेंदू काढून टाकीत व हृदय मात्र जागच्या जागीं ठेवीत. ज्याला ते आत्म्याचें स्थान समजत तें राखलें, ज्याचा उपयोग कळला नव्हता तें टाकलें. जतन करणारा कशास मोलाचें मानतो यावर काय टिकेल हें ठरतें. दप्तरांच्या बाबतींतही हिशेबाचे रुमाल जाळून सनदा तेवढ्या राखणाऱ्या घराण्यांचीं उदाहरणें वाचकांस आठवतील.

आपल्याकडे रामायणांत दशरथाचा देह भरत येईपर्यंत तेलाच्या द्रोणींत ठेविल्याचें वर्णन आहे. तें कांहीं दिवसांपुरतें जतन होतें, व हेतूही तेवढाच होता. वैद्यकाच्या संहितांत मात्र गोष्ट उलट आहे. पनवेलास १८७२ सालीं कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं धूतपापेश्वर हा औषधी कारखाना काढल्यापासून या गांवाचें नांव आयुर्वेदाशीं जोडलेलें आहे. तेव्हां या चर्चेंत सुश्रुताचें मत प्रथम घेणें येथें अप्रस्तुत होणार नाहीं. शारीरस्थानांत सुश्रुतानें शवपरीक्षेची रीत सांगितली आहे. विषानें न मेलेल्या, दीर्घ व्याधीनें न झिजलेल्या, शतायुषी नसलेल्या मनुष्याचें शव घ्यावें. आंतड्यांतील मळ काढावा. मुंज, साल, कुश, ताग यांनीं गुंडाळून पिंजऱ्यांत घालून वाहत्या नदींत आडजागीं कुजवावें. आणि सात रात्रींनंतर काढून वाळा, केस, बांबू इत्यादिकांच्या कुंच्यानें हळूहळू घांसून त्वचेपासून आंतपर्यंतचे सर्व थर डोळ्यांनीं पाहावे. ही रीत जतनाची नसून सावकाश कुजविण्याची आहे. हाडें, स्नायु, शिरा यांचें ज्ञान हिनें पुष्कळ होतें. पण सात रात्री पाण्यांत राहिलेल्या कवटींत मेंदूच्या रचनेंतलें काय उरणार? संहितेंत मेंदूस मस्तुलुंग असा शब्द आहे, आणि टीकाकार त्यास तुपाची उपमा देतात. ही उपमा आम्हांस फार बोलकी वाटते. ताजा मेंदू खरोखरच इतका मऊ असतो कीं सुरीनें त्याचा नीट काप निघत नाहीं. ज्यांनीं तो पाहिला त्यांनीं खरें तेंच लिहिलें. त्यांच्यापाशीं तो घट्ट करण्याचें साधन नव्हतें, म्हणून त्याच्या आंतील लिपि त्यांस दिसली नाहीं. चेतनेचें स्थान हृदय हें सुश्रुताचें मत या पार्श्वभूमीवर वाचावें.

मन मस्तकांत आहे असें म्हणणारी एक संहिता आपल्याकडे आहे, ती भेलाची. डोकें व टाळू यांच्या मध्यें मन, आणि चित्त हृदयाच्या आश्रयास, अशी व्यवस्था तिच्यांत उन्मादाच्या प्रकरणीं लाविली आहे. या संहितेची कथा पोथीसंग्राहकांनीं मुद्दाम लक्षांत ठेवण्याजोगी आहे. तिची जवळजवळ सर्व भिस्त एकाच हस्तलिखितावर असून तें तंजावरच्या सरस्वती महालांत आहे. तेलुगु लिपींतील ही प्रत सुमारें १६५० ची, म्हणजे व्यंकोजीराजे तंजावरास येण्यापूर्वीची, असें मानितात. भोसल्यांच्या राजवटींत ती राहिली, दुसऱ्या सरफोजीराजांनीं (१७९८ ते १८३२) वाढविलेल्या ग्रंथालयांत ती सुरक्षित झाली, बर्नेलसाहेबाच्या १८८० च्या सूचींत नोंदली गेली, आणि १९२१ सालीं कलकत्ता विद्यापीठानें ती छापली. आरंभ गहाळ, मध्यें खिंडारें. तिच्या प्रामाण्याविषयीं शंका घेणाऱ्यास बराच काळ उत्तर नव्हतें. पुढें मध्य आशियांत तुर्फानकडे सांपडलेल्या जुन्या पानांत भेलाचा कांहीं मजकूर ल्यूडर्स यानें ओळखला व १९२७ सालीं प्रसिद्ध केला. हजारों कोसांवरचा, कित्येक शतकें आधींचा हा दुसरा साक्षी मिळाला तेव्हां ही संहिता खरोखरच प्राचीन परंपरेंतली आहे हें ठरण्यास आधार आला. एका प्रतीचें जतन व दुसऱ्या प्रतीनें परीक्षा या दोन गोष्टी येथें वेगळ्या दिसतात. पुढें मेंदूविषयीं बोलतांना यांतील दुसरी गोष्ट किती दुर्मिळ आहे हें कळून येईल.

आतां जतन झालेल्या मानवी देहाची वैद्यानें केलेली लेखी परीक्षा आमच्या प्रांताच्या शेजारीं केव्हां झाली तें पाहूं. फ्रान्सिस झेवियर हा जेसुइट धर्मगुरु ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या किनाऱ्याजवळील सान्शियान बेटावर वारला. मांस लौकर झडून अस्थि नेतां याव्यात म्हणून शवपेटींत चुना भरला होता. १५५३ च्या फेब्रुवारींत पेटी उघडली तों देह शाबूत दिसला. तो मलाक्केस नेऊन तेथें पेटीवांचून पुरला, पुन्हा काढला, आणि १५५४ च्या मार्चांत गोव्यास आणला. व्हिसेरेईचा वैद्य कॉस्मे सरायव्हा यानें तेथें त्याची तपासणी केली. त्याची जबानी पोर्तुगालच्या राजानें १५५६ सालीं करविलेल्या चौकशीच्या कागदांत आहे. त्यानें सर्व अवयव बोटांनीं दाबून पाहिले, पोटाकडे विशेष लक्ष दिलें, आंतडीं जागच्या जागीं आहेत असें ठरविलें, मसाले भरल्याचें चिन्ह नाहीं असें नमूद केलें, डाव्या कुशीवरील जखमेंतून निघालेल्या रक्ताचा वास घेतला, आणि मृत्यूस दीड वर्ष झालें असतां वैद्यकाच्या नियमानें हें घडूं नये असा अभिप्राय दिला.

श्रद्धावंतांच्या श्रद्धेस येथें हात लावण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस तो कागद परीक्षापद्धतीचा नमुना म्हणून महत्त्वाचा वाटतो. सरायव्हानें काय पाहिलें, कसें पाहिलें व कोणत्या पदार्थांचा अभाव तपासला हें सर्व सांगितलें आहे. त्याचे सोबती कोण होते हेंही सांगितलें आहे. सोळाव्या शतकांतील पुष्कळ राजकीय कागदांत इतकी शिस्त आढळत नाहीं. परंतु त्याच्या परीक्षेचीं साधनें बोटें व नाक हीं होतीं. कवटीच्या आंत काय उरलें याची ती परीक्षा नव्हे, आणि त्या काळीं तसा प्रश्नही कोणास सुचला नसता. पुढें १६१४ सालीं त्या देहाचा उजवा हात रोमला पाठविला गेला. उरलेला देह कालांतरानें सुकला. आज तो जुन्या गोव्यांत बों जेझूच्या मंदिरांत चांदीच्या पेटींत आहे व दर दहा वर्षांनीं दर्शनास ठेवतात. असें दर्शन २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झालें.

मेंदू आपोआप टिकतच नाहीं, ही समजूतही अलीकडे मागें पडली आहे. इंग्लंडांत यॉर्क शहराजवळ हेस्लिंग्टन येथें २००८ सालीं उत्खननांत एक कवटी निघाली. मांस, कातडी, केस सर्व गेलेले, पण आंत मेंदू आक्रसून राहिलेला. काळ सुमारें २६०० वर्षांपूर्वीचा. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या शोधांत त्यांत ८०० हून अधिक प्रथिनें ओळखलीं गेलीं, व कांहीं प्रथिनें एकमेकांस घट्ट बिलगल्यामुळें तीं कुजलीं नाहींत असें दिसलें. २०२४ च्या मार्चांत ऑक्सफर्डच्या अलेक्झांड्रा मॉर्टन-हेवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जुन्या उत्खननांचे वृत्तांत चाळून ४४०० हून अधिक टिकलेल्या मेंदूंची यादी केली. त्यांतले सर्वांत जुने सुमारें १२००० वर्षांचे. तेराशेंहून अधिक ठिकाणीं इतर सर्व मऊ भाग गेलेले असून मेंदूच तेवढा उरला होता. या यादीचा बराच भाग ग्रंथालयांतल्या जुन्या अहवालांत धूळ खात पडला होता, हें आमच्या वाचकांस विशेष आवडेल. तथापि हे मेंदू पहिल्या प्रकारच्या पोथीसारखे आहेत. कागद उरला, अक्षर लागत नाहीं.

मेंदूंतलें अक्षर म्हणजे काय, हें आतां सांगितलें पाहिजे. फ्रांकफुर्टच्या फर्डिनांड ब्लुम यानें १८९३ सालीं फॉर्मॅलिनचा गुण प्रसिद्ध केला. प्रथिनांचे रेणू तें एकमेकांस बांधून टाकतें, त्यामुळें तुपासारखा मेंदू खरवसासारखा घट्ट होतो व त्याचे कांप काढतां येतात. त्याआधीं १८७३ सालीं गोल्जी यानें चांदीच्या क्षारांनीं एकेक मज्जापेशी काळी रंगविण्याची युक्ति काढली होती. तिच्या आधारें काहाल यानें या पेशी सुट्या असून शेंड्यांनीं एकमेकींशीं लागलेल्या असतात असें दाखविलें. दोघांस १९०६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि दोघांचीं मतें शेवटपर्यंत जुळलीं नाहींत. मनुष्याच्या मेंदूंत अशा सुमारें ८६०० कोटी पेशी आहेत. त्यांचे सांधे इतके सूक्ष्म कीं दोन पेशींमधील फट मिलिमीटरच्या दहा लक्षांश भागाच्या वीसपट असते. शिकलेलें, आठवलेलें, मुरलेलें सर्व बहुतेक या सांध्यांच्या रचनेंत व त्यांतील रेणूंत लिहिलेलें असतें असें आजचें शास्त्र मानतें. तेव्हां जतनाची कसोटी ही कीं, सांधा न् सांधा ओळखतां आला पाहिजे. १९६३ सालीं सबातिनी, बेन्श व बार्नेट यांनीं ग्लुटाराल्डिहाइड हें अधिक घट्ट बांधणारें द्रव्य वापरांत आणलें आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतून हे सांधे स्वच्छ दिसूं लागले.

दुसरीकडे, शव गोठवून ठेवणाऱ्यांचा पंथ अमेरिकेंत १९६७ पासून चालू होता. पाणी गोठलें कीं बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. तें टाळण्यास बर्फरोधक द्रव्यें भरलीं तर मेंदू पाणी गमावून आकसतो व सांधे ओळखूं येत नाहींत. देह टिकला हें ते दाखवीत. अक्षर टिकलें हें दाखवीत नसत. म्हणून केनेथ हेवर्थ यांच्या ब्रेन प्रिझर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेनें २०१० नंतर बक्षिसें लावून अट घातली कीं, मेंदू शंभर वर्षांहून अधिक काळ टिकेल अशा स्थितींत ठेवावा व मग त्यांतील सांध्यांचें जाळें सूक्ष्मदर्शकांतून दाखवावें. कॅलिफोर्नियांतील एका प्रयोगशाळेंत रॉबर्ट मॅकिंटायर व ग्रेगरी फाही यांनीं दोन्ही रीती एकत्र केल्या. प्रथम रक्तवाहिन्यांतून ग्लुटाराल्डिहाइड सोडून सर्व कांहीं जागच्या जागीं बांधलें. मग एथिलीन ग्लायकॉल हळूहळू वाढवीत शेंकडा ६५ पर्यंत नेलें. आणि शेवटीं शून्याखालीं १३५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलें. तेथें द्रव गोठत नाहीं, कांचेसारखा स्थिर होतो. परीक्षेसाठीं मेंदू पुन्हा ऊबेस आणून, द्रव्य काढून, निरनिराळ्या भागांचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले. सशाच्या मेंदूबद्दल २०१६ च्या फेब्रुवारींत व डुकराच्या मेंदूबद्दल २०१८ च्या मार्चांत बक्षिसें मिळालीं.

ही परीक्षा आम्हांस प्रामाणिक वाटते, आणि तिच्या मर्यादाही तिनेंच दाखविल्या आहेत. पहिली गोष्ट, तपासलेला मेंदू कापला गेला. जो कापला तो जतन झाला नाहीं, व जो जतन होईल तो कापून पाहतां येणार नाहीं. म्हणजे परीक्षा वस्तूची नसून रीतीची आहे. भेलाच्या पोथीस तुर्फानचें पान मिळालें, पण प्रत्येक मेंदू ही एकच प्रत. तिचा दुसरा साक्षी कोठेंही सांपडावयाचा नाहीं. दुसरी गोष्ट, शंभर वर्षें टिकेल हें शंभर वर्षें ठेवून कोणीं पाहिलेलें नाहीं. इतक्या थंडींत रेणूंची हालचाल जवळजवळ थांबते, या पदार्थविज्ञानाच्या अनुमानावर तें उभें आहे. अनुमान सबळ आहे, तरी तें अनुमानच. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. प्रयोगांतल्या प्राण्यांस भूल देऊन, रक्त खेळतें असतांनाच, द्रव्य सोडलें होतें. मनुष्य रोगानें मरतो तेव्हां रक्त थांबून कांहीं काळ लोटलेला असतो, बारीक वाहिन्या तुंबतात, व द्रव्य सर्वत्र पोंचत नाहीं. उत्तम अस्सलावर केलेला प्रयोग भिजलेल्या बस्त्यास लागू करतांना हा फरक विसरतां येत नाहीं.

हा फरक विसरला गेला म्हणजे काय होतें तें २०१८ सालींच दिसलें. मॅकिंटायर यांनीं नेक्टोम नांवाची कंपनी काढून दहा हजार डॉलर परतफेडीच्या अनामतीवर लोकांचीं नांवें नोंदविण्यास आरंभ केला. तेव्हां तिच्याशीं सहकार्य करणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेनें तो संबंध तोडला. स्मृति व मन यांस लागणारे सर्व रेणू कोणत्याही रीतीनें टिकतात कीं नाहीं हें सांगण्याइतकें शास्त्र पुढें गेलेलें नाहीं, असें तिनें कारण दिलें. शिवाय ग्लुटाराल्डिहाइडनें बांधलेला मेंदू पुन्हा जिवंत होण्यासारखा नसतो. त्यांतलें लिखाण कोणी पुढें वाचील, एवढीच आशा. वाचनाची गति किती, तेंही पाहावें. ३०२ मज्जापेशींच्या एका सूक्ष्म कृमीचें जाळें १९८६ सालीं पुरें उतरविलें. माशीच्या सुमारें १३९००० पेशींचें २०२४ सालीं. त्याच वर्षीं मानवी मेंदूचा एक घन मिलिमीटर तुकडा वाचला गेला, त्यांत सुमारें ५७००० पेशी व १५ कोटी सांधे निघाले. तांदळाच्या दाण्याहूनही लहान तो तुकडा. आणि जाळें उतरविणें म्हणजे अर्थ लावणें नव्हे. सिंधु मुद्रांच्या अभ्यासकांस हें समजावून सांगावयास नको.

संग्राहकांच्या दृष्टीनें यांत एक कामाची बाब आहे, ती नोंदीची. १९५५ सालीं आइन्स्टाइन वारला तेव्हां प्रिन्स्टनच्या थॉमस हार्वी या वैद्यानें त्याचा मेंदू काढून घेतला, सुमारें २४० तुकडे केले, आणि ते वर्षानुवर्षें बरण्यांत घालून स्वतःपाशीं ठेविले. पुढें त्यावर जे निबंध झाले त्यांस या खाजगी संग्रहाच्या अव्यवस्थेचा त्रास शेवटपर्यंत झाला. उलट बंगळूरच्या निम्हान्स संस्थेंत १९९५ पासून मेंदूंचा संग्रह आहे. तेथें नातेवाइकांच्या संमतीनें मेंदू घेतात, कांहीं भाग फॉर्मॅलिनमध्यें व कांहीं अतिशीत ठेवतात, व रोगाचा वृत्तांत सोबत राखतात. हा संग्रह चिरजतनाच्या आशेनें केलेला नसून रोगांच्या अभ्यासासाठीं आहे, व म्हणूनच त्याची शिस्त चांगली आहे. आमच्या राज्यांत देहदानाचा व्यवहार १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यानें चालतो. वैद्यकीय महाविद्यालयांतील बरण्यांवर जी चिठ्ठी असते तींत मृत्यूपासून द्रव्य सोडीपर्यंत किती तास गेले, द्रव्य कोणतें व किती तीव्र, उष्णमान काय, आणि कोणत्या भागाचा काप तपासला, एवढ्या चार गोष्टी जरी लिहिल्या गेल्या, तरी शंभर वर्षांनीं ती बरणी उघडणाऱ्यास सरायव्हाच्या जबानीइतका तरी आधार मिळेल.